गेमचा शेवट कोण ठरवतं? मॉरल चॉइस आणि एंडिंग कसं काम करतं

दिवाळीच्या सुट्टीत मी वालूरला मावशीकडे गेलो होतो. सेलू तालुक्यातलं हे गाव. मावसभाऊ बारावीला आहे. घरी एक सेकंड-हँड कॉम्प्युटर आहे, त्यावर ग्राफिक्स सगळ्यात खाली ठेवून त्याने 'द विचर 3: वाइल्ड हंट' पूर्ण केला होता. मला बघताच म्हणाला, "दादा, एकूण एक लढाई जिंकली, तरी सिरी परत आलीच नाही. कुठं चुकलो मी?"

तो लढाईत कुठेच चुकला नव्हता. चूक म्हणायची तर ती एका साध्या वाक्यात होती, आणि ते वाक्य त्याला आठवतही नव्हतं. आजचा लेख त्याच्यासाठी आणि असाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी. पुढे काही गेम्सचे शेवट उघड केले आहेत, तेव्हा ते खेळायचे बाकी असतील तर जपून वाचा.

मॉरल चॉइस म्हणजे काय?

गेममध्ये तुम्ही सतत काही ना काही निवडत असता. तलवार घ्यायची की धनुष्य, डावीकडे जायचं की उजवीकडे. हे झाले डावपेच. मॉरल चॉइस वेगळा असतो. तिथे गेम विचारतो, तुम्ही कसे वागणार? खरं बोलणार की खोटं, शरण आलेल्याला सोडणार की मारणार, पैसे घेणार की नाकारणार? आणि त्या उत्तराचा परिणाम पुढच्या कथेवर होतो. कथा जिथे संपते आणि जशी संपते, त्याला एंडिंग म्हणतात. एकाच गेमला अनेक एंडिंग असतील तर तुम्हाला त्यातलं कोणतं मिळणार, हे या उत्तरांवर ठरतं.

गेम हे लक्षात कसं ठेवतो?

यात जादू काही नाही. तुम्ही निर्णय घेतला की सेव्ह फाइलमध्ये एक नोंद होते, हो किंवा नाही. डेव्हलपर त्याला फ्लॅग म्हणतात. काही गेम्समध्ये नुसती नोंद न ठेवता मोजणी चालते, चांगलं वागलात तर एक वाढवा, वाईट वागलात तर एक कमी करा. वेळ आली की गेम हा हिशोब तपासतो आणि त्याप्रमाणे पुढचा सीन दाखवतो.

खरा फरक पडतो तो हा हिशोब तुम्हाला दिसतो की नाही यावर. 2004 च्या 'फेबल'मध्ये तो चेहऱ्यावरच दिसायचा. पुण्य केलं की डोक्यावर तेजोवलय, पाप केलं की शिंगं. बघायला मजा येते, पण माझ्या मते यात नीतीपेक्षा गणित जास्त आहे. शिंगं फुटायला लागली की माणूस चार चांगली कामं करून ती घालवतो, बस.

सिरीचं काय झालं?

'विचर 3' 2015 साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने काढला. नायक गेराल्ट हा राक्षसांची शिकार करणारा. सिरी त्याची मुलीसारखी. शेवटी सिरी एकटीच एका भयंकर संकटाला तोंड द्यायला जाते, आणि ती परत येते की नाही हे त्याआधीच्या पाच प्रसंगांवर ठरतं.

हे प्रसंग बघा. एका मोठ्या पराभवानंतर ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचं, की "सगळंच जमायला हवं असं नाही" म्हणत दारू पुढे करायची? तिला तिच्या बादशहा बापाकडे नेलं, तर तो देऊ करतो ते पैसे घ्यायचे की नाकारायचे? चेटकिणींच्या मंडळासमोर तिला एकटीला बोलू द्यायचं की सोबत जायचं? रागात ती तिच्या गुरूची प्रयोगशाळा फोडायला निघते, तेव्हा फोडू द्यायची की शांत करायचं? आणि ज्याने तिला मदत केली त्या मुलाच्या थडग्यावर जायला वेळ काढायचा की नाही?

पाचपैकी किमान तीन वेळा तुम्ही तिच्यावर विश्वास दाखवलात, तिला तिचं तिचं करू दिलंत, तर ती परत येते. नाहीतर नाही. यातल्या कुठल्याच प्रसंगात स्क्रीनवर "हा महत्त्वाचा निर्णय आहे" अशी सूचना येत नाही. माझ्या भावाने दारू पुढे केली, मंडळासमोर सोबत गेला, प्रयोगशाळेत शांत केलं. त्याचं म्हणणं, "अरे, मी तर काळजीच घेतली!" आणि ते खरंच होतं. पण गेम काळजी मोजत नव्हता. मोठ्या होणाऱ्या मुलीला तुम्ही मोठं समजता का, हे मोजत होता. बारावीतल्या मुलाला हे सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे आमच्या पप्पांना खेळायला द्यायला पाहिजे."

सिरी सम्राज्ञी होते असं तिसरं एंडिंगही आहे. पण त्यासाठी तिला बापाकडे नेलेलं असावं लागतं आणि युद्धात निल्फगार्डचं साम्राज्य जिंकेल असे निर्णय आधी घेतलेले असावे लागतात.

दोन्हीकडे नुकसान

याच गेममध्ये एका टेकडीखाली झाडात कोंडलेला एक आत्मा भेटतो. सोडवलंत तर दलदलीतल्या अनाथ मुलांना वाचवीन, असं तो सांगतो. सोडवलं तर तो शब्द पाळतो, मुलं वाचतात. पण जवळच्या गावात माणसं मरतात, अ‍ॅना नावाच्या बाईचा जीव जातो आणि तिचा नवरा, तो बॅरन, स्वतःलाही संपवतो. आत्म्याला मारलं तर अ‍ॅना जगते, पण भान हरपलेली, आणि ती मुलं जातात. हे सगळं तुम्हाला कळतं ते बऱ्याच तासांनी, म्हणजे मागचा सेव्ह लोड करायचं म्हटलं तरी जिवावर येतं. चांगला मॉरल चॉइस कसा असतो, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. इथे कुठलंही उत्तर बरोबर नाही, आणि दिलेलं उत्तर फुकट जात नाही.

मग सगळ्याच गेम्समध्ये असं का नसतं?

कारण खर्च. समजा कथेत दोन पर्यायांचे फक्त 10 निर्णय आहेत आणि प्रत्येक निर्णयाने कथा कायमची फुटते. शेवट होतील 1,024. निर्णय 20 केले तर 10 लाखांच्या वर. एवढे सीन लिहिणार कोण, आवाज देणार कोण, अ‍ॅनिमेशन करणार कोण? म्हणून फाटे फोडून पुढे पुन्हा एकत्र आणले जातात.

वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे, तिच्या काठावर बसून मी भावाला हे समजावलं. तुम्ही कुठून उतरायला लागता यावर वाटेत काय दिसणार ते बदलतं, पोचता मात्र त्याच पाण्याशी. बहुतेक गेम्स असेच बांधलेले असतात. 'विचर 3'ला 36 एंडिंग, 'बाल्डर्स गेट 3'ला 17,000 असे आकडे वाचून म्हणूनच हुरळून जाऊ नका. त्या 36 स्वतंत्र कथा नाहीत. सिरीचं काय झालं, गेराल्ट कोणासोबत राहिला, राज्य कोणाचं आलं, अशा तुकड्यांच्या त्या जोड्या आहेत.

आंधळी दुकानदारीण आणि न विसरणारा गेम

ही कल्पना नवी नाही. 1985 चा 'अल्टिमा 4' घ्या. पूर्ण नाव 'क्वेस्ट ऑफ द अवतार', म्हणजे आपलाच शब्द. रिचर्ड गॅरियटच्या या गेममध्ये शेवटी मारायला कोणी खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता असे आठ गुण अंगी आणायचे, हेच ध्येय. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे दिले ते तिला दिसत नाही, आकडा तुम्हीच टाकायचा. कमी टाकला तरी माल मिळतो, कोणी पकडत नाही. फक्त आतमध्ये प्रामाणिकपणा घटतो. कम्युनिकेशन-क्लासच्या भाषणात सांगतात त्यापेक्षा हे डोक्यात पक्कं बसतं.

2015 च्या 'अंडरटेल'ने तर आपली लाडकी पळवाटच बंद केली. सुरुवातीला प्रेमाने सांभाळणाऱ्या टोरिएलला मारलं, वाईट वाटलं, सेव्ह लोड करून तिला सोडून दिलं, असं केलंत तर पुढे फ्लावी नावाचं फूल तुम्हाला तोंडावर सांगतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. सगळ्यांना मारण्याचा रस्ता शेवटपर्यंत गेलात तर नंतर नव्याने खेळून मिळवलेलं सगळ्यात गोड एंडिंगही पूर्वीसारखं राहत नाही.

पुण्याची 'राजी'

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला हा गेम 2020 साली आला. त्याआधी 2017 मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न झाला होता, तो फसला. राजीच्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन मागे निघते. दुर्गा आणि विष्णू ही कथा सांगतात. चित्रं, वास्तू सगळं देखणं. पण यात मॉरल चॉइस नाही. कथा एका रेषेत जाते आणि सगळ्यांना एकच शेवट मिळतो, तोही असा की "आता पुढे?" म्हणत आपण बघत राहतो. त्या शेवटाबद्दल बरीच नाराजी झाली. मला वाटतं, एकच एंडिंग असणं हा दोष नव्हे. तेवढ्याच पैशात फाटे फोडले असते तर ती चित्रं अशी झाली नसती.

फोनवर काय खेळाल?

'विचर 3' थेट फोनवर चालत नाही. पण 'सॉर्सरी!' ही इंकलची चार भागांची मालिका अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीसाठी निघाली आहे. इंग्रजी भरपूर वाचावं लागतं. नकाशावर मागच्या कुठल्याही टप्प्याला परत जाता येतं, म्हणजे 'अंडरटेल'च्या अगदी उलट. 2016 चा 'रेन्स' आणखी सोपा. तुम्ही राजा, कार्ड डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचं. धर्मसंस्था, प्रजा, सैन्य, खजिना हे चार मीटर आहेत, त्यातला कुठलाही रिकामा झाला तरी राजा जातो आणि काठोकाठ भरला तरी जातो. एसटीच्या प्रवासात खेळायला मस्त.

अनेक जण हे गेम खेळत नाहीत, यूट्यूबवर कोणीतरी खेळलेलं बघतात. डेटा स्वस्त, कॉम्प्युटर महाग, समजू शकतो. फक्त एक करून बघा. निर्णयाचा सीन आला की व्हिडिओ पॉज करा, आपलं उत्तर ठरवा आणि मगच पुढे जा. खेळत असाल तर पहिल्यांदा 'बेस्ट एंडिंग' शोधू नका. मोठ्या प्रसंगाआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवा, ऑटोसेव्ह पुढच्या टप्प्यावर जुनं पुसून टाकू शकतो. माझ्या भावाकडे असा एक जुना सेव्ह होता, बर्फाच्या प्रसंगाच्या आधीचा. मी निघालो त्या रात्री त्याने तो लोड केला नाही. म्हणाला, "आत्ता नको. सुरुवातीपासून खेळतो, परीक्षा झाल्यावर."