बाजारातून उठलेलं कापड

गोधडीची कुळकथा सांगायला बसलं की बहुतेक जण गरिबीपासून सुरुवात करतात. थंडी होती, पैसा नव्हता, जुनेर टाकवत नव्हतं. मग बायकांनी फाटक्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरले आणि धावदोरा घातला. यात खोटं काही नाही. पण या हिशेबात एक गोष्ट बसत नाही. मराठी घरात सगळ्यांत निगुतीनं शिवलं जातं ते सगळ्यांत लहान पांघरूण, म्हणजे तान्ह्या बाळाचं दुपटं. निव्वळ ऊब हवी असेल तर जुन्या मऊ लुगड्याची चौघडी पुरते. तिला काठाची पट्टी लावा, कडेपासून आत आत सरकत जाणाऱ्या टाक्यांच्या ओळी दाट घाला, कोपरे वळवून घ्या, असं काटकसर कधी सांगत नाही. शिवाय हे दुपटं शिवणारीच्या स्वतःच्या घरात राहतंच असं नाही. झबली, टोपडी, लंगोट यांच्यासोबत ते बाळंतविड्यात जातं आणि बारशाला दुसऱ्या घरी पोचतं. माझं म्हणणं असं की गोधडीचं तंत्र काटकसरीतून आलं असेल, पण गोधडी देण्याची रीत काटकसरीतून आलेली नाही. ती आली आहे कापड बाजारातून कायमचं काढून घेण्यातून. ज्याला आता कुणी मोल देणार नाही तेच कापड नात्यात फिरवायला योग्य ठरलं.

हे म्हणणं पारखून बघायला बडोद्याचं सयाजीगंज बरं पडतं. १८६१ साली बडोद्याला रेल्वे आली. जुन्या तटबंदीच्या बाहेर, त्या स्टेशनाच्या अंगानं ही वस्ती वाढली आणि तिला तिसऱ्या सयाजीरावांचं नाव मिळालं. एका बाजूला १८७९ साली खुली झालेली कामाठी बाग, दुसऱ्या बाजूला पुढे १९४९ साली विद्यापीठ झालेल्या बडोदा कॉलेजचा घुमट. बडोद्यातली जुनी ‘दक्षिणी’, म्हणजे मराठी, घरं मुख्यतः दांडिया बाजार, रावपुरा या भागांतली; सयाजीगंज हा सगळ्यांच्या येण्याजाण्याचा भाग. पण नकाशावर या स्टेशनाभोवती जरा मोठं वर्तुळ काढलं तर गोधडीच्या इतिहासातले परस्परविरोधी पुरावे त्यात एकत्र सापडतात. लोहमार्गानं दक्षिणेला भरूच, पश्चिमेला खंभात, त्याही पलीकडे सौराष्ट्र. सौराष्ट्रात लग्नाच्या आण्यात, म्हणजे नवरीसोबत येणाऱ्या सामानात, गोदड्या येतात आणि घरात डामचियावर, म्हणजे लाकडी घडवंचीवर, त्यांची चळत रचलेली असते, पाहुण्याच्या नजरेला पडेल अशी. म्हणजे तिथे गोधडी ही उघड उघड मिरवायची संपत्ती आहे, गरिबीची खूण नाही. आणि बारशाला गुजराती घरात फईबा झभलं-टोपी आणते, मराठी घरात आत्या नाव ठेवते. दोन्ही रीती एकाच शहरात शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे दक्षिणी घरच्या बाळंतविड्याचं बडोद्यात कुणाला नवल वाटायचं कारणच नव्हतं.

पहिला आक्षेप खंभातकडून येतो, आणि तो जड आहे. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज माणसानं खंभातच्या मालाचं वर्णन करताना तिथल्या सुंदर, नक्षीदार रजया आणि पलंगपोस यांची आवर्जून नोंद केली आहे. बंगालातून अशाच भरतकामाच्या रजया पोर्तुगालला जात. तिकडे त्यांना ‘कोल्शा’ म्हणत. थोडक्यात, टाके घातलेलं पांघरूण हा व्यापारी माल असल्याचा लेखी पुरावा पाचशे वर्षांचा आहे, आणि दुपटं भेट दिल्याचा तितका जुना कागद कुणी दाखवू शकत नाही. मग भेटीची रीत ही बाजाराची मागाहूनची नक्कल का समजू नये? एक तर नोंद कोण ठेवतं ते बघावं. जकातीच्या नाक्यावरून गेलेल्या मालाची नोंद होते, आत्याच्या पिशवीतून गेलेल्या दुपट्याची होत नाही. कागद नाही म्हणून वस्तू नव्हती असं म्हणायचं, तर बायकांच्या हातचं निम्मं जग नव्हतंच म्हणावं लागेल. दुसरं म्हणजे खंभातची रजई आणि घरची गोधडी यांत फक्त टाका समान आहे. रजईला नवं कापड, पिंजून भरलेला कापूस, पिंजारी आणि कारागीर लागतात. ती विकण्यासाठीच जन्मते. गोधडीच्या पोटात कापूस नसतो, कापडच असतं, आणि तेही कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं. इतकं मऊ सूत दुकानात मिळतच नाही. वीस वर्षं धुतलेलं लुगडं हवं असेल तर कुणीतरी ते वीस वर्षं नेसलेलं असावं लागतं.

कापड बाजारातून काढून घेण्याची कल्पना किती जुनी आहे, याचा पुरावा मात्र लेखी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्षूंच्या चीवराची हकिगत येते. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी रचना करून चीवर शिवता येईल का, असं बुद्ध आनंदाला विचारतात आणि आनंद तसं शिवून दाखवतो. त्या कापलेल्या चीवराचा गुण काय, तर शस्त्रानं त्याचं मोल उतरलेलं असतं. ते श्रमणाला शोभतं आणि वैऱ्यालाही त्याचा मोह पडत नाही. कापड अखंड असतं तोवर ते नाण्यासारखं चालतं. तुकडे करून पुन्हा जोडलं की ते वापरणाऱ्याचं होतं, इतर कुणाच्या कामाचं राहत नाही. वर्षावासानंतरच्या कठिन विधीत तर दान आलेल्या कापडाचं चीवर सगळ्या संघानं हात लावून त्याच दिवसात शिवायचं आणि एका भिक्षूला द्यायचं, असा नियम आहे. आपल्याकडचा याला लागून असलेला पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यात कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वर्षाचे दोनशे चाळीस, हिशेब पैशाला पैसा जुळतो. त्याच लेण्यात त्यानं भरुकच्छात, म्हणजे भरूचला, केलेल्या दानांचाही उल्लेख आहे. या लेखात कापडाचं नाणेमूल्य दिसतं आणि विनयाच्या नियमात ते मूल्य मुद्दाम उतरवणं दिसतं. दोन्ही बाजू एकाच व्यवस्थेच्या. आता यावरून आजीनं दुपटं शिवायला भिक्षूंकडून शिकलं, असं मी म्हणत नाही. अशा वंशावळी काढायला सोप्या असतात आणि बहुतेक खोट्या असतात. मला एवढंच दाखवायचं आहे की ‘तुकडे करून मोल उतरवणं’ ही या भूभागात जाणूनबुजून केलेली, नियमात मांडलेली गोष्ट होती. ती नाइलाज म्हणून घडलेली नाही. बाळाला आधी जुन्याचंच अंगडं घालायचं, कोरं नको, या मराठी रीतीमागेही हाच विचार आहे. नजर लागू नये असं कारण सांगतात, आणि नजर म्हणजे तरी लोभच.

काटकसरवाद्यांना सर्वांत चांगलं उत्तर देते ती बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या या बायकांनी जुन्या साडीला पुन्हा बाजार मिळवून दिला. गुजरातेतला वाघरी समाज या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यांच्यातल्या अनेकींनी मुंबईच्या दारोदारीही हाच व्यवहार केला. दाराशी बोहारीण उभी असताना गोधडी फुकट पडत नाही. तिची किंमत म्हणजे न मिळालेलं स्टीलचं पातेलं, वर दुपारच्या दुपार गेलेल्या, सुया मोडलेल्या आणि बोटं टोचलेली. निव्वळ बचतीचं गणित करणारीनं पातेलंच घेतलं असतं, आणि पुष्कळ जणींनी घेतलंही. तरी काही लुगडी बाजूला काढली गेली. ज्या लुगड्यांचं मोल घरात बाजारापेक्षा जास्त होतं तीच बोहारणीच्या गाठोड्यात गेली नाहीत.

यावर खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे. भेट, नातं, माया असे शब्द वापरून आपण बायकांचे फुकटचे कष्ट झाकतो, असं कुणी म्हणालं तर ते झटकून टाकता येणार नाही. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली बडोद्यात स्त्री उद्योगालय काढलं ते शिवणटिपणाला घराबाहेर दाम मिळावा म्हणूनच, आणि ते योग्यच होतं. पण भेट म्हणजे फुकट, हे समीकरण बाळंतविडा बघितलेल्या कुणालाही पटणार नाही. कुणी काय आणलं, कुणी आणलं नाही, आपण त्यांच्याकडे काय नेलं होतं, याची खतावणी आपल्या बायकांच्या डोक्यात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसनं १९२५ साली भेटीवर आपला निबंध लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून चोख होती. श्रमाची परतफेड होत होती, फक्त रोखीत नाही. ती पुरेशी होती का, हा वाद घालावा. ती नव्हतीच असं म्हणू नये.

राहता राहिला आजचा प्रश्न. हल्ली हौसेनं गोधड्या करणाऱ्या पुष्कळ जणी नवं सुती कापड मीटरवर आणतात, चौकोन कापतात, यंत्रावर जोडतात आणि मैत्रिणीच्या नातवंडाला देतात. यात कुणाच्या अंगावरचं लुगडं नाही. मग ही त्याच कुळातली का? माझ्या मते होय, आणि इथे अमेरिकेतलं उदाहरण कामाला येतं. १८४०च्या दशकात तिथे एकेक चौकोन वेगळ्या मैत्रिणीनं करून, त्यावर न पुसणाऱ्या शाईनं सही करून, सगळे जोडून दूर जाणाऱ्या माणसाला द्यायची चाल पडली. त्यात पुष्कळदा कोरंच छापील सूत असे. पण एकदा ते कापलं, त्यावर नावं आली, की ते कुणा तिसऱ्याला विकण्यासारखं उरत नव्हतं. म्हणजे खरी अट जुनेपणाची नाही, कात्रीची आहे. वापरून झिजवणं हा मोल उतरवण्याचा एक मार्ग, कापणं हा दुसरा. आपल्याकडे पहिला मार्ग अडला त्याला कारण कापडच आहे. टेरिलीन आणि पॉलिएस्टरच्या साड्या झिजत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत. बाळाच्या अंगाखाली त्या घालवत नाहीत. अशा कृत्रिम धाग्यांचा कच्चा माल बनवणारी आयपीसीएल ही कंपनी १९६९ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना उभा राहिला बडोद्याच्याच वेशीवर, हा योगायोग मला तरी गमतीचा वाटतो.

सगळंच पूर्वी घरी शिवलं जाई असंही नव्हे. गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातींतल्या बाया मजुरीवर वाकळा शिवत. अंगणात बसून, दाभणानं, त्या घरच्याच कापडाच्या. आज घरच्या साड्या शिवणारीकडे देऊन दुपटी करून घेणारे लोक वाढत आहेत, आणि ही नव्या जमान्याची आळशी तडजोड आहे अशी नापसंती ऐकू येते. ती अनाठायी आहे. वाकळवाल्या बाईचा आणि या शिवणारीचा व्यवहार एकच: कष्ट विकत घेतले, कापड विकत घेतलं नाही. चिमणाबाईंच्या बाजूनं आलेल्या आक्षेपालाही त्यात जागा मिळते, कारण हाताला दाम मिळतो. कुणाचं लुगडं वर घ्यायचं, कुणाचं पोटात, आणि कुठल्या साडीला अजून कात्री लावायची नाही, हे मात्र कापड देणारीच ठरवते. शिवणारी त्यात पडत नाही.