संगणक कोणाचे ऐकतो?

घरातला किंवा शाळेतला संगणक मंदावला, मध्येच बंद पडू लागला, की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : 'व्हायरस आला!' आणि उपायही ठरलेला : 'दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणा.' या एका फॉरमॅटमध्ये मुलांचे प्रकल्प, परीक्षेचे गुण, घरातले फोटो कायमचे पुसले जातात. मूळ दोष पंख्यात किंवा वायरीत असेल, तर तो मात्र तसाच राहतो. हे टाळायचे तर संगणक-विषाणू म्हणजे नेमके काय, ते कसे शिरतात आणि काय करू शकत नाहीत, हे माहीत हवे. त्यासाठी त्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो.

सुरुवात संगणकाच्या रचनेपासूनच करावी लागेल. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५च्या अहवालात मांडलेल्या रचनेत माहिती आणि सूचना या दोन्ही एकाच स्मृतीत, आकड्यांच्याच रूपात साठवलेल्या असतात. एखादा आकडा म्हणजे गुणपत्रिकेतले गुण की यंत्राला दिलेली आज्ञा, हे त्या आकड्याकडे पाहून ठरत नाही. प्रोसेसरला तो 'आज्ञा' म्हणून वाचायला लावला, की ती आज्ञा होते. सांगणारा कोण, याची चौकशी प्रोसेसर करत नाही. स्वतःची प्रत तयार करू शकणाऱ्या यंत्राची सैद्धांतिक कल्पनाही फॉन नॉयमन यांनीच १९४९ साली इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत मांडली होती.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला फार काळ लागला नाही. १९७१ साली बॉब थॉमस यांनी अर्पानेट या जाळ्यावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणारा 'क्रीपर' नावाचा प्रोग्रॅम प्रयोग म्हणून सोडला. १९८२ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या रिच स्क्रेन्टा या १५ वर्षांच्या शाळकरी मुलाने ॲपल-२ संगणकासाठी 'एल्क क्लोनर' लिहिला. बाधित फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की तो स्मृतीत बसे आणि नंतर घातलेल्या स्वच्छ फ्लॉपीवर आपली प्रत उतरवी. अशा फ्लॉपीवरून ५०व्या वेळी संगणक सुरू झाला की पडद्यावर एक विनोदी कविता उमटे.

१९८६ साली लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा 'ब्रेन' आला. आयबीएम पीसीवर सर्वदूर पसरलेला हा पहिला विषाणू. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून काढलेल्या प्रतींवर नजर ठेवण्यासाठी तो लिहिला, असे त्यांनी नंतर सांगितले. विषाणूच्या मजकुरात त्यांचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांकही होता!

ब्रेन पसरायचा कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळचा पीसी सुरू झाला की प्रथम फ्लॉपीचा पहिला कप्पा, म्हणजे ५१२ बाइट्सचा बूट सेक्टर, स्मृतीत आणून तिथल्या सूचना पाळू लागे. ज्या फ्लॉपीवर नुसती पत्रे किंवा गुणपत्रिका असत, तिच्यावरही हा कप्पा असेच. ब्रेन नेमका त्याच जागी जाऊन बसे. म्हणजे फ्लॉपी यंत्रात विसरून संगणक चालू केला, एवढे पुरेसे होते.

त्याची दुसरी करामत याहून बोधप्रद आहे. तो स्मृतीत असताना कोणी बूट सेक्टर तपासायला मागितला, तर तो मागणी मधेच अडवून दुसरीकडे जपून ठेवलेला मूळ, निर्दोष सेक्टर दाखवी. बाधित संगणकाला 'तू बाधित आहेस का?' असे विचारले तर उत्तर 'नाही' येई. मग करायचे काय? संगणक पूर्ण बंद करायचा आणि खात्रीच्या, लेखनबंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून पुन्हा सुरू करायचा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर काही लिहिता येत नसे. ही अडवणूक ड्राइव्हच्या यंत्रणेतच असल्यामुळे कोणत्याही प्रोग्रॅमला ती ओलांडता येत नसे.

मग असा एखादा प्रोग्रॅम का करू नये, की जो कोणताही विषाणू अचूक ओळखेल? फ्रेड कोहेन यांनी १९८३ साली विद्यार्थी असताना विषाणूंवर प्रयोग केले. 'व्हायरस' हे नाव त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी सुचवले. कोहेन यांनी १९८४ साली दाखवून दिले की असा परिपूर्ण ओळखणारा असूच शकत नाही. हा युक्तिवाद नववी-दहावीच्या वर्गातही सांगता येतो.

समजा, असा 'परीक्षक' आहे. आता एक खोडकर प्रोग्रॅम लिहू. तो प्रथम परीक्षकाला विचारतो, 'मी विषाणू आहे का?' उत्तर 'हो' आले तर तो गप्प बसतो, म्हणजे तो विषाणू नाही. उत्तर 'नाही' आले तर तो पसरू लागतो, म्हणजे तो विषाणू आहे! परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकतोच. 'विरोधाभासाने सिद्धता' ही पद्धत आपण भूमितीत शिकवतो. तिचा हा चालताबोलता नमुना.

याचा अर्थ विषाणूविरोधी प्रोग्रॅम निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात असेच काम हाती घेतले आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. असे प्रोग्रॅम ज्ञात विषाणू ओळखतात आणि संशयास्पद वागणूक टिपतात. पण त्यांच्या नजरेतून काहीतरी सुटणार, हे गणितानेच सांगितले आहे. उरलेली जबाबदारी वापरणाऱ्याची.

पुढचा इतिहास सोयींचा आहे. पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये मॅक्रोची सोय आली, तसा १९९५ साली वर्डच्या कागदांतून पसरणारा 'कन्सेप्ट' आला. परिचित प्रकारच्या फाइलींच्या नावाचे शेपूट न दाखवण्याची सोय विंडोजमध्ये होती. तिचा फायदा मे २००० मध्ये 'आय लव्ह यू'ने घेतला. टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस अशी दोन शेपटे त्या फाइलीला होती. दुसरे झाकले गेल्याने ती साधे पत्र वाटे आणि लोक ती उघडत. पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याची सोय २००८च्या 'कॉन्फिकर'ला उपयोगी पडली. प्रत्येक वेळी आपल्या नकळत, आपल्या वतीने कोणीतरी आज्ञा दिली होती.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' मात्र कोणी काही न उघडताही जाळ्यातून पसरला. फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. १५०च्या आसपास देशांत त्याची झळ पोचली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या यंत्रांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही.

आता आपल्या संगणकाकडे वळू. बिघाड आला की आपण प्रयोगशाळेत वागतो तसेच वागावे. पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून घ्यावा. बिघाड कधीपासून आहे आणि त्याच्या आधी काय बदलले, हे आठवावे. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. रोज सकाळी घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळेही 'असुरक्षित' म्हणून अडवली जातात; त्याला विषाणू जबाबदार नसतो. काही मिनिटे चालून यंत्र बंद पडत असेल, तर पंख्यातली धूळ पाहावी. ते मंदावले असेल, तर डिस्क भरली आहे का आणि सुरू होतानाच किती प्रोग्रॅम चालू होतात, ते टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सारे सोडून आधी फाइलींची प्रत काढावी.

यानंतरही विषाणूचा संशय उरला, तर ब्रेनचा धडा आठवावा : संशयिताचीच साक्ष घेऊ नये. विंडोज सुरू होण्याआधीच चालणारी 'ऑफलाइन' तपासणी, किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावर तयार केलेला पेन ड्राइव्ह, ही आजची लेखनबंद फ्लॉपीच आहे.

रोजच्या सवयी मोजक्याच आहेत. दुरुस्त्या वेळेवर बसवणे. विंडोज १०ला मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हे शाळांनी विशेष ध्यानात घ्यावे. रोजच्या कामासाठी 'ॲडमिनिस्ट्रेटर' नसलेले खाते वापरणे. फाइलींच्या नावांचे शेपूट दिसेल अशी व्यवस्था करणे. चोरीचे सॉफ्टवेअर न घेणे. आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवणे; जी डिस्क जोडलेलीच नाही, तिला कोणताही प्रोग्रॅम कुलूप लावू शकत नाही.

शाळेच्या संगणक-कक्षात विद्यार्थ्यांकडून एक 'बिघाड वही' ठेवून घ्यावी : तारीख, लक्षण, आधी काय बदलले, काय करून पाहिले, काय आढळले. वर्षअखेरीस वर्गाने मिळून ती वाचावी. खऱ्या विषाणूंच्या नोंदी किती आणि सैल वायरी, धूळ व भरलेल्या डिस्क किती, याचा तक्ता मुलांनाच काढू द्यावा.