पणजीचा मांडवीकाठ : डागडुजी आणि जतन

पणजीला समुद्रकाठचे शहर म्हणावे की नदीकाठचे, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. मांडवीच्या मुखाशी वसलेल्या या नगरीत भरतीचे पाणी रोज येते, पावसाळ्यातील वारा थेट अरबी समुद्रावरून येतो आणि काठावरच्या इमारतींचे लोखंड व चुना खारी हवा सतत खात असते. किनारी शहरांचे सगळे दुखणे तिच्या वाट्याला आलेले आहे.

या काठावरील सर्वांत जुनी वास्तू म्हणजे आदिलशहाचा राजवाडा. १५१० साली तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. पुढे साथींनी जुने गोवे ओस पडू लागले, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम येथे हलविला, आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. मात्र आज दिसते त्या नगररचनेचे श्रेय दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रु या व्हाइसरॉयकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने दलदल बुजविली, रस्ते आखले आणि सैन्यासाठी लांबलचक इमारत उभारली. पोलीस मुख्यालय आणि मेनेझिस ब्रागांझा संस्था त्याच इमारतीत आहेत. शहराचा मोठा भाग भरावाच्या जमिनीवर आहे, ही गोष्ट काठाच्या कोणत्याही नूतनीकरणात विसरता येत नाही. मुसळधार पावसात भरती आली की पाणी स्वतःच आठवण करून देते.

अलीकडच्या काळात काठाकडे गांभीर्याने लक्ष गेले ते २००४ मध्ये, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेच्या जुन्या वास्तूला नवे काम मिळाले, आणि कांपालच्या बाजूचा पदपथ चालण्याजोगा झाला. विधानसभा २००० साली पर्वरीला गेल्यानंतर रिकाम्या झालेल्या राजवाड्यात २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शने भरली. रिकामी वास्तू लवकर खचते, म्हणून हे आम्हाला स्तुत्य वाटते. २०१६ सालीच पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. त्यानंतरची खोदकामे पणजीकरांना चांगलीच आठवत असतील. त्यांविषयी अधिक न लिहिलेले बरे.

खरा कस लागला तो कला अकादमीच्या बाबतीत. संस्था १९७० ची. कांपालला नदीकाठी असलेली तिची वास्तू चार्ल्स कुरैया यांनी रचली आणि ती १९८३ मध्ये पुरी झाली. ही वास्तू काठावर मिरवत नाही, ती बुटकी आहे, आणि रस्त्यावरून आत शिरणाऱ्याला सावलीतून थेट मांडवीपर्यंत पोचविते. तिकीट न काढताही तेथे बसता येत असे. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगविले. नाटक सुरू होण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहण्यात वेळ छान जाई. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेने गोमंतकातील कितीतरी नट घडविले. परप्रांतात नाट्यगृह म्हणजे केवळ चार भिंती नसतात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

इमारतीचा काही भाग पाडण्याची भाषा निघाली, तेव्हा रसिकांनी व वास्तुविशारदांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. नंतर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी दारे बंद झाली. १७ जुलै २०२३ च्या पहाटे खुल्या रंगमंचावरील छप्पर कोसळले. त्या वेळी तेथे कोणी नव्हते, हे भाग्यच. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकादमी पुन्हा खुली झाली, परंतु ध्वनी, प्रकाश आणि गळती यांविषयी नाट्यकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत, आणि २०२४ मध्ये शासनाला कृतिगट नेमावा लागला.

आमच्या मते गफलत येथे आहे की डागडुजी आणि जतन यांत फरक केला गेला नाही. लाद्या, दिवे, खुर्च्या नव्या करणे सोपे. त्यांचा हिशेब दाखविता येतो. पण शेवटच्या रांगेत बसलेल्याला नटाचा हलका स्वर ऐकू येणे, किंवा पावसाळ्यात आढ्यातून थेंब न पडणे, हे फलकावर लिहिता येत नाही. काठावरचा पदपथही असाच आहे. तो लांब झाला, उजळला. मात्र संध्याकाळी तेथे फिरणाऱ्याला नदीऐवजी तिच्यात नांगरलेल्या कॅसिनोंची रोषणाईच आधी दिसते.