केनेडींना वाचवायला १९५८ सालात गेलेला मास्तर : काय आहे स्टीफन किंग यांची '११/२२/६३'?

२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेतल्या डॅलस शहरातून राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचा ताफा चालला होता. शाळेच्या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या आणि केनेडी गेले. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून कादंबरीचं नाव '११/२२/६३'.

भयकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टीफन किंग यांना ही कल्पना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सुचली होती. पण अभ्यास प्रचंड लागणार होता आणि देशाची जखमही ओली होती. कादंबरी आली थेट २०११ साली.

मेन राज्यातल्या एका छोट्या गावात जेक एपिंग हा इंग्रजीचा शिक्षक आहे. तिथल्या हॉटेलवाल्या अलच्या कोठीच्या खोलीत एक अदृश्य वाट आहे. ती उतरली की ९ सप्टेंबर १९५८. तिकडे कितीही वर्षं काढा, इकडे दोनच मिनिटं जातात. पुन्हा उतरलात तर आधीचे सगळे बदल पुसले जातात. अलला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय, म्हणून केनेडींना वाचवायचं काम तो जेकवर सोपवतो.

मग ली हार्वे ऑस्वाल्डला लगेच मारायचं ना? इथंच खरी गोम आहे. ऑस्वाल्ड १९५९ मध्ये सोव्हिएत रशियात जातो आणि १९६२ मध्ये परततो. शिवाय तो एकटाच होता का, हे जेकला ठाऊक नाही. निरपराध माणूस मारला तर? म्हणून तो १० एप्रिल १९६३ ची वाट बघतो. त्या रात्री जनरल एडविन वॉकर यांच्यावर गोळी झाडली गेली होती, आणि वॉरन आयोगाच्या निष्कर्षानुसार ती ऑस्वाल्डनेच झाडली. ती त्याने एकट्याने झाडली, तर डॅलसलाही तो एकटाच असण्याची शक्यता जास्त, असा हा हिशोब.

या मधल्या वर्षांत जेक टेक्सासमध्ये शाळेत शिकवतो आणि सेडी नावाच्या ग्रंथपाल बाईंच्या प्रेमात पडतो. कादंबरीचा हा भाग सगळ्यात सरस आहे, कारण आता त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. आणि भूतकाळ काही गप्प बसत नाही. बदल जितका मोठा, तितकी आडकाठी जास्त. गाडी बंद पडते, मारहाण होते, स्मृतीही जाते.

(शेवट माहीत करून घ्यायचा नसेल, तर पुढचा परिच्छेद सोडा.)

केनेडी वाचतात, सेडी जाते. पण २०११ मध्ये परतलेल्या जेकला उद्ध्वस्त जग दिसतं. खऱ्या इतिहासात केनेडींनंतर आलेल्या लिंडन जॉन्सन यांनी १९६४ चा नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला. कादंबरीत मात्र वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस राष्ट्राध्यक्ष होतात आणि व्हिएतनाम युद्धात अणुबॉम्ब वापरला जातो. मग जेक पुन्हा १९५८ मध्ये उतरतो, केलेलं सगळं पुसायला. म्हणजे सेडीची आणि त्याची ओळखही.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवेल. तिथे मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं जग गंगाधरपंतांना अपघाताने दिसतं. जेक मात्र ठरवून जातो, त्यामुळे त्याच्या वाट्याला अपराधीपणाही येतो.

२०१६ मध्ये यावर आठ भागांची मालिका आली, जेकच्या भूमिकेत जेम्स फ्रँको. मालिकेत ती वाट १९५८ ऐवजी १९६० मध्ये उघडते. कथेला वेग आला, पण जेकचं ते लांबलचक थांबणं अनुभवायचं तर पुस्तकच वाचावं लागेल.