जुनी शिकारी रायफल पारखताना

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळपास संपूर्ण बंद झाली. शिकारीच्या रायफली मात्र संपल्या नाहीत. संस्थानिकांच्या शस्त्रागारांतून, जहागीरदारांच्या वाड्यांतून आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मायदेशी परतताना विकलेल्या सामानातून आलेल्या बोल्ट अॅक्शन रायफली आजही परवानाधारकांच्या कपाटांत आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ थांबल्याने या जुन्या विलायती मालाला गरजेपेक्षा अधिक भाव आला. भाव वाढला की रंगरंगोटीही वाढते. त्यामुळे चकाकणाऱ्या नळीमागे नेमके काय दडले आहे, हे ओळखण्याची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. रायफल उडते तेव्हा चेंबरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे ५० हजार पौंडांपर्यंत दाब निर्माण होतो आणि हा दाब अडवून धरणारा पोलादी बोल्ट नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर असतो. बोल्टची पकड सुटली, तर दुसरी संधी मिळत नाही.

मॉझरचा वारसा

जुन्या शिकारी रायफलींपैकी बहुसंख्य रायफली एकाच घराण्यातल्या आहेत. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील पॉल मॉझर यांनी सिद्ध केलेली आणि १८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेली ‘मॉडेल ९८’ ही रचना पुढे शिकारी रायफलींचा पाया ठरली. लंडनच्या रिग्बी कंपनीने मॉझरच्याच सांगाड्यावर आपल्या रायफली घडवल्या. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी हीदेखील मॉझर पद्धतीचीच. (.२७५ रिग्बी हे ७ बाय ५७ मॉझर काडतुसाचे इंग्रजी नाव होय.) अमेरिकेत विंचेस्टरने १९३६ मध्ये आणलेल्या ‘मॉडेल ७०’ने याच रचनेतून बरेच काही उचलले. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने तिच्यात बदल केले आणि तेव्हापासून त्यापूर्वीच्या रायफलींना संग्राहक वेगळा भाव देऊ लागले.

मॉडेल ९८ च्या बोल्टला पुढे दोन कुलूप-कंगोरे असतात आणि ते दगा देतील तर आधार म्हणून मागे तिसरा. काडतूस फुटून वायू मागे आलाच, तर तो बाजूला काढून देण्यासाठी बोल्टला भोके आणि मागच्या बाजूला रुंद कडा असते. काडतुसाची कड पहिल्यापासून पकडून ठेवणारा लांब पोलादी पंजा ही या रचनेची ओळख. १८९३ व १८९५ च्या आधीच्या मॉझरमध्ये तिसरा कंगोरा नाही. वरवर पाहता त्या सारख्याच दिसतात आणि अनेकदा ‘मॉझर’ एवढ्याच नावावर विकल्या जातात. त्या वाईट नाहीत, परंतु त्यांना नंतरच्या काळातील जास्त दाबाची काडतुसे देणे हा धोका आहे. म्हणूनच बोल्ट बाहेर काढून मागचा कंगोरा आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नळीची भाषा

तपासणीचा पहिला नियम सर्वांना ठाऊक असतो, तरी तो पाळला जातोच असे नाही. रायफल हातात घेताच बोल्ट उघडून चेंबर व मॅगझीन रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करावी. त्यानंतर बोल्ट काढून ठेवावा.

विक्रेत्याने तेल लावून दाखवलेली नळी पाहून मत बनवू नये. तेलाचा थर बारीक खड्डे झाकतो. कोरड्या फडक्याने नळी स्वच्छ पुसून, चेंबरच्या बाजूने डोळा लावून आणि दुसऱ्या टोकाला पांढरा कागद धरून पाहिले, की खरे चित्र दिसते. पेचदार खाचांच्या कडा धारदार हव्यात. करड्या रंगाची, धुके साचल्यासारखी झाक असेल, तर गंजाने पृष्ठभाग खाल्ला आहे असे समजावे. अशा नळीचा नेम कधी कधी आश्चर्यकारकरीत्या चांगला असतो, मात्र तिच्यात मळ लवकर साठतो. खोल खड्डे असतील तर विचार सोडून द्यावा. नळीत एखाद्या ठिकाणी गडद कडे दिसले तर ती सर्वांत वाईट खूण. कधीतरी चिखल, चिंधी वा अडकलेली गोळी आत असताना बार काढला गेला आणि नळी तेथे फुगली, असा त्याचा अर्थ. बाहेरून नळीवर बोटे फिरवली, तर हा फुगवटा अनेकदा हातालाही जाणवतो.

भारतातील जुन्या रायफलींत गंज इतका का आढळतो, याचे कारण केवळ पावसाळ्यात नाही. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होई, म्हणजे मिठासारखाच क्षार. तो नळीत चिकटून हवेतील ओलावा शोषून घेई. क्षार तेलात विरघळत नाही, त्यामुळे नुसते तेल लावून ठेवलेली रायफल तेलाखाली गंजत राही. जाणते शिकारी नळीतून उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल लावत. ज्या घरी ही शिस्त होती, तेथील शंभर वर्षांची नळीही आज आरशासारखी सापडते. कोकणातल्या दमट घरात चामड्याच्या म्यानात ठेवलेली आणि क्वचितच बाहेर काढलेली रायफल मात्र फारशी न वापरताही खराब झालेली असते. निवडणुकीच्या काळात वा वारसाचा परवाना होईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा राहते, तो काळही हिशेबात धरावा लागतो.

चेंबरच्या लगेच पुढे, जेथे खाचा सुरू होतात, तो भाग सर्वांत आधी झिजतो. कॉर्डाइटसारखी तप्त जळणारी दारू वापरलेल्या रायफलींत हा भाग वाळलेल्या शेतासारखा भेगाळलेला दिसतो. दुसरे झिजणारे टोक म्हणजे नळीचे तोंड. पुष्कळांनी साफसफाईची सळई तोंडाकडून घातली आणि तिच्या घासण्याने कडा एका बाजूने झिजल्या. बाकी नळी उत्तम असूनही नेम विस्कटण्यामागे हेच कारण असते. सुदैवाने हा दोष दुरुस्त होतो. तोंड काही मिलिमीटर कापून कुशल कारागीर नवी कड घडवू शकतो.

नावाचा घोटाळा

रायफलीवर कोरलेले नाव आणि नळीचे प्रत्यक्ष माप यांत फरक असू शकतो. जर्मन ८ मिलिमीटरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८८८ च्या रचनेत गोळीचा व्यास .३१८ इंच होता, १९०५ मध्ये सैन्यासाठी तो .३२३ इंच झाला. शिकारी रायफली मात्र पुढे अनेक वर्षे दोन्ही मापांत बनत राहिल्या. जाड गोळी अरुंद नळीतून गेली, तर दाब धोकादायकरीत्या वाढतो. उलट .३१८ वेस्टली रिचर्ड्स या इंग्रजी काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३३० इंचाची असते. भारतीय आयुधनिर्माणीची .३१५ रायफल तर तिसऱ्याच वंशातली आहे. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ बाय ५० मॅनलिकरवरून आले असून त्याला कड असते. आकड्यांच्या साम्यावर विसंबून काडतूस निवडणे म्हणूनच घातक ठरते. शंका असल्यास मऊ शिशाचा गोळा नळीतून हळुवार ठोकून बाहेर काढतात आणि सूक्ष्ममापकाने त्याचा व्यास मोजतात. हे काम शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावे.

बोल्ट, हेडस्पेस आणि पोलाद

बोल्ट बंद झाल्यावर त्याचा चेहरा आणि काडतूस जेथे अडते ती जागा, यांतील अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते वाढले तर पितळी टोपण मागे ताणले जाऊन बुडाजवळ तुटू शकते. यासाठी तीन प्रमाणित पोलादी मापे मिळतात. पहिल्यावर, म्हणजे ‘गो’वर, बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. तो ‘नो-गो’वरही बंद झाला तर अखेरच्या ‘फील्ड’ मापाने पाहतात आणि त्यावरही झाला तर रायफल वापरातून काढावी. तपासताना बोल्टमधील स्प्रिंग व फायरिंग पिन काढून, दोन बोटांच्या हलक्या जोरानेच दांडी फिरवावी लागते. जोर लावला तर कोणताही बोल्ट बंद होतो आणि मापही बिघडते. साधनांशिवायही एक खूण हाती लागते. त्या रायफलीतून उडालेली टोपणे मिळाली आणि बुडाच्या किंचित वर चमकदार कडे दिसले, तर अंतर वाढल्याची शंका घ्यावी.

बोल्ट उचलताना दांडी शेवटच्या टप्प्यावर अडखळत असेल, तर सांगाड्यातील कंगोऱ्यांच्या जागा दबून खोलगट झाल्या असण्याची शक्यता असते. जुन्या मॉझरचे पोलाद आतून मऊ व बाहेरून कठीण केलेले असे. कोणी हौसेने आतील पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला, तर ते कठीण कवच निघून जाते. त्याहून गंभीर म्हणजे आगीत सापडलेली रायफल. तिची नळी पुन्हा काळी केली की ती नवीकोरी दिसते, पण पोलादाचा गुण गेलेला असतो. स्प्रिंगा ढिल्या पडणे ही त्याची एक खूण. पोलाद ठिसूळ निघाल्यास काय होते, हे अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलींनी दाखवले. भट्टीतील तापमान कामगार रंग पाहून ठरवत आणि उजेड बदलला की त्यांचा अंदाज चुके. स्प्रिंगफील्ड कारखान्यातील ८,००,००० च्या खालील क्रमांकांच्या रायफली यामुळेच आजही संशयास्पद मानल्या जातात. ज्युलियन हॅचर यांनी फुटलेल्या सांगाड्यांची नोंद ‘हॅचर्स नोटबुक’ या १९४७ च्या ग्रंथात केली आहे.

सेफ्टीची परीक्षा सोपी आहे. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करून सेफ्टी लावावी, चाप जोरात ओढून सोडावा, मग सेफ्टी काढावी. या क्षणी फायरिंग पिन आपोआप सुटली तर चापाची यंत्रणा झिजली आहे किंवा कोणीतरी तो हलका करण्यासाठी घासली आहे. बोल्ट झटक्याने बंद केल्यावरही पिन सुटता कामा नये. बोल्टवरील क्रमांक सांगाड्याशी जुळतो का, हेही पाहावे. न जुळणारा बोल्ट दुसऱ्या रायफलीतला असतो आणि हेडस्पेसची तपासणी तेव्हा अनिवार्य होते.

लाकूड, झिलई आणि शिक्के

अक्रोडाचा दस्ता देखणा असतो, पण खरेदीदाराने त्याची रेषा पाहण्याआधी भेगा पाहाव्यात. सांगाड्याच्या शेपटीमागे, मुठीच्या बारीक भागात आणि मॅगझीनच्या पुढे-मागे त्या आढळतात. मोठ्या बोअरच्या रायफलींत धक्का सोसणारी पोलादी जागा लाकडात नीट टेकलेली नसेल, तर दस्ता आतून चिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दशकानुदशके उभ्याने ठेवलेल्या रायफलीचे तेल खाली झिरपून सांगाड्याजवळील लाकूड काळे व नरम करते. त्यावर नखाची खूण उमटते.

झिलईबाबत मात्र सामान्य खरेदीदाराचा समज उलटा असतो. हाताची पकड असते तेथे नैसर्गिकरीत्या उडालेला निळसर रंग हा दोष नव्हे, तो प्रामाणिक वापराचा पुरावा आहे. कोपरे गोलावलेले, अक्षरे पुसट आणि रंग मात्र एकसारखा गडद, असे दिसले की रायफल घासून पुन्हा रंगवली आहे, हे निश्चित. स्क्रूच्या खाचा विस्कटलेल्या असतील, तर अडाणी हात आत जाऊन आला आहे. दुर्बिणीसाठी पाडलेली भोके संग्राहकाच्या दृष्टीने किंमत कमी करतात. वापरणाऱ्याला त्यांचा त्रास नाही.

नळीवरील प्रूफचे शिक्के वाचायला शिकावे. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या मालावर मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरे धूरविरहित दारूची चाचणी दर्शवतात. जर्मन मालावर १९३९ च्या कायद्यानंतर मुकुटाऐवजी गरुड व ‘एन’ हे अक्षर येते. शिक्का हा त्या वेळच्या अवस्थेचा दाखला असतो. नंतर चेंबर रुंदावले वा नळी बदलली, तर त्याला अर्थ उरत नाही.

प्रत्यक्ष बार आणि कागदपत्रे

सर्व काही ठीक दिसले तरी पहिला बार खांद्याला लावून काढू नये. कारागीर रायफल घट्ट बसवून दुरून दोरीने चाप ओढतात आणि टोपण तपासतात. यासाठी कपाटातली जुनी काडतुसे वापरणे हा चुकीचा काटकसरीपणा आहे. दारू खराब झाली असेल तर चाप ओढल्यावर क्षणभराने बार उडू शकतो. त्यामुळे काडतूस उडाले नाही तरी किमान अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला रोखून ठेवावी लागते.

व्यवहार अर्थातच परवान्याच्या चौकटीतच होतो. .३०३ सारखा लष्करी बोअर सर्वसामान्य परवान्यावर बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकास स्वतःचे शस्त्र विकायचे असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावे लागते. विक्रेता घाई करत असला तरी ही मुदत खरेदीदाराच्या पथ्यावर पडते. सर्व पैसे आधी न देता, तपासणीची अट लेखी घालून, या काळात रायफल विक्रेत्याच्या उपस्थितीत परवानाधारक शस्त्रकारागिराकडे नेऊन हेडस्पेस व नळीचे माप घ्यावे.