ए आणि व्हीमधली फट

जुन्या सीडीवरचा एक रोमन फाँट परवा नव्या संगणकावर चालेना. टाईप १ जातीचा. अडोबीने हा प्रकार १९८४ साली काढला आणि जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच त्याचा आधार काढून घेतला. म्हटलं, ओपनटाईपमध्ये रूपांतर करू. अक्षरं आली, पण कॅपिटल ए आणि व्हीच्या मधे पडक्या दातासारखी फट!

चूक माझीच. टाईप १ मध्ये अक्षरांचे आकार एका फाईलीत, आणि कोणती जोडी किती जवळ घ्यायची हा हिशेब, म्हणजे कर्निंग, दुसऱ्या एएफएम फाईलीत. साधा मजकूर असतो तिच्यात: एकेका ओळीत दोन अक्षरांची नावं आणि एक आकडा, बहुधा उणे. मी ती फालतू समजून कॉपीच केली नव्हती. ते आकडे कुणीतरी एकेक जोडी डोळ्यांनी पारखून बसवलेले असतात हो! शिशाच्या खिळ्यांच्या काळात त्यासाठी खिळेच कापून-घासून जवळ आणावे लागत.

१९९१ च्या ट्रूटाईपने हा हिशेब फाँटच्या पोटातच, 'कर्न' तक्त्यात ठेवला. ओपनटाईपमध्ये 'जीपॉस' आला. आजचं हार्फबझ आधी जीपॉसमधलं कर्निंग शोधतं, ते नसेल तर जुन्या 'कर्न'कडे वळतं. थोरल्यांना विचारायची ही रीत मला आवडली. पण दोन्ही नसतील तर? अक्षरं आपापल्या रुंदीवर गुमान उभी राहतात. चूक झाल्याचा साधा संदेशही येत नाही.

सीडी पुन्हा काढली. ओरखडे होते, पण एएफएम वाचता आली.