पेप्टाइड स्टॅक: ग्रोथ हार्मोन वाढवणारी ही 'जोडी' नेमकी काय आहे?

रील्समध्ये 'सीजेसी-इपा' हे नाव दिसलं असेल. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही दोन पेप्टाइड्स इंजेक्शनने एकत्र घेण्याला 'स्टॅक' म्हणतात.

दोन का?

ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून झटक्याझटक्याने, विशेषतः गाढ झोपेत स्रवतं. ते सोडण्याचा आदेश मेंदूतलं जीएचआरएच देतं. १९९९ मध्ये सापडलेल्या घ्रेलिनचा मार्ग वेगळा आहे. सीजेसी पहिल्याची नक्कल करतं, इपामोरेलिन दुसऱ्याची. अशा दोन प्रकारची पेप्टाइड्स एकत्र दिली, तर परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो, हे १९९० मध्ये निरोगी पुरुषांवरील प्रयोगात दिसलं. डॉक्टरांनी अशी जोडी ग्रोथ हार्मोनची कमतरता तपासण्यासाठीही वापरली आहे.

मग स्नायू वाढतात का?

रक्तातलं हार्मोन वाढणं आणि ताकद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसांत ग्रोथ हार्मोनमुळे चरबी वगळता उरलेलं वजन वाढतं, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. ताकद वाढल्याचा ठोस पुरावा नाही.

धोका काय?

सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या आणि रक्तातली साखर वाढणं. घरात मधुमेह असेल तर जास्तच जपायला हवं. शिवाय 'फक्त संशोधनासाठी' असं लेबल असलेल्या बाटलीत नेमकं काय आणि किती आहे, याची खात्री नसते.

मान्यता आहे का?

जीएचआरएचसारखंच काम करणाऱ्या टेसामोरेलिनला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली, तीही एचआयव्ही रुग्णांच्या पोटावरच्या चरबीसाठी. सीजेसी आणि इपामोरेलिनला तिथे औषध म्हणून मान्यता नाही. शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्यांसाठी इपामोरेलिनची चाचणी झाली, पण अपेक्षित फायदा दिसला नाही.

खेळाडूंसाठी?

ही पेप्टाइड्स वाडाच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो. नाडाच्या चाचणीत सापडल्यास चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

नागपुरात काय कराल?

थकवा किंवा स्नायू कमी होण्याची तक्रार असेल, तर मेडिकल किंवा मिहानमधल्या एम्समध्ये डॉक्टरांना दाखवा. कारण थायरॉइड, मधुमेह किंवा अपुरी झोपही असू शकते. संशयास्पद इंजेक्शनची विक्री दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात तक्रार करता येते.